बिननंबरी खोली

दगडी लाईनीत चोवीस खोल्या होत्या, आणि अंबुबाई राहत होती ती त्यांतली एकही नव्हती.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या अलीकडं, नाल्याच्या काठाला ही लाईन. सरकारी रस्त्यांवर खपणाऱ्या गड्यांसाठी कधी काळी बांधलेली. बारा खोल्यांची एक ओळ, समोर बारांची दुसरी, मधे बैलगाडी जाईल एवढा बोळ. बोळ संपला की नाल्याच्या उरावर एक कोठी. डांबराची पिंपं, फावडी, पहारी ठेवायला केलेली. माणसांसाठी नव्हतीच, म्हणून खिडकी नाही. चोराचं भय, म्हणून झरोका नाही. दीड हात रुंदीच्या भिंती आणि असं बुटकं दार की बिरप्पाला रोज कामावरनं येताना कुणाच्या तरी पाया पडल्यासारखं आत शिरावं लागे. बाकीच्या दारांवर चुन्यानं आकडे घातले होते. या दारावर डांबराचा एक ओघळ होता, तेवढाच.

ही माणसं सांगोल्याकडची, माळावरची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं डोळ्यांदेखत गेली. बिरप्पा खडी फोडायला लागला. अंगापिंडानं भरलेला आणि तोंडानं मुका, असा गडी मुकादमाला बरा वाटला. त्यानं त्याला शहरातल्या डांबराच्या टोळीत कायम करून घेतलं आणि म्हणाला, “कोठी मोकळी हाय. तितं पडा.” बिरप्पा, त्याची बायको अंबुबाई, म्हातारी आई कस्तुराबाई आणि चार वर्षांची मायाक्का, अशी चौघं तिथं पडली. डोक्यावर छप्पर मिळालं, ते सुद्धा दगडी घरावरचं, म्हणून पहिल्या दिवशी अंबुबाईनं उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं होतं.

त्याला आता तीन वर्षं होत आली होती. माळावर कोकरांच्या मागं पळणारी मायाक्का दुसऱ्याच पावसाळ्यात धापा टाकायला लागली. नाल्याचं पाणी भिंतीतनं आत पाझरायचं. जमीन मातीची, अंथरूण सकाळी उचललं की खाली घामेजल्यासारखी दिसायची. पोरीच्या बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली व्हायच्या. बोलायची ती दोन दोन शब्दांत. “आये, पानी.” मग थांबायची. “थोडं दे.” तिला भूक लागलीय की झोप आलीय, हे अंबुबाईला तिच्या तोंडापेक्षा तिच्या गळ्याखालच्या खळगीवरनं जास्त कळायचं. ती खळगी आत ओढली गेली की पोरीला काखोटीला मारायचं आणि दवाखान्याची वाट धरायची.

त्या दिवशी फाल्गुनातलं ऊन तापलं होतं. सात वर्षांची पोर, पण वजन चार वर्षांचं. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली.

“अंबुबाई, कितवी खेप ही?”

“ध्यानात न्हाय, बाई.”

“माझ्या ध्यानात आहे. श्रावणापासनं नववी.” बाईंनी नळी गळ्यात टाकली. “मी औषध देते. पोर जरा उठून बसते. तुम्ही घरी नेता, पुन्हा पडते. घर कसं आहे तुमचं?”

“चांगलं हाय की. दगडी हाय.”

“ऊन येतं आत?”

अंबुबाईनं जरा विचार केला. “दारापातूर येतं.”

“चूल कुठं?”

“आतच.”

“मग धूर कुठनं बाहेर जातो?”

हा प्रश्न अंबुबाईला आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं डोळ्यांपुढं खोली आणली. भाकरी करताना डोळे पुसत बसलेली सासू आणली. छपराला लोंबणाऱ्या काळ्या जळमटांची झालर आणली.

“जात न्हाय, बाई,” ती म्हणाली. “ऱ्हातोच.”

बाईंनी औषध ओतलं. मग बाटलीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाल्या, “पोर धूर पिते आणि ओल खाते. बाटली मी हजारदा भरून देईन. पण भिंत फोडायचं औषध माझ्याकडं नाही, अंबुबाई.”

चैत्र उजाडला आणि भिंती फोडायचं काम आपल्या पायांनी लाईनीत चालत आलं.

सरकारनं जुन्या लाईनी सुधारायच्या ठरवल्या होत्या. दर खोलीला मागल्या भिंतीत खिडकी, चुलीवर धुराडं, मातीच्या जागी शहाबादी फरशी. बोळाच्या दोन्ही अंगांनी बांधीव गटार आणि चार खोल्यांमागं एक नळ. गुरुबसप्पा नावाचे ओव्हरसियर छत्री आणि कागदांची गुंडाळी घेऊन आले. त्यांच्याबरोबर जोतीराम गवंडी, चार बिगारी गडी. पाट्या वाहायला बाया हव्या होत्या. अंबुबाई चुंबळ घेऊन उभी राहिली.

पहिला नंबर सोजरबाईच्या खोलीचा. सोजरबाई म्हणजे लाईनीतलं मोठं प्रस्थ. बांधा दांडगा, आवाज त्याहून दांडगा. जोतीरामानं छिन्नी टेकवली तशी ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

“माज्या घराला भगदाड पाडतूस व्हय रं? वारं शिरंल, पाऊस शिरंल, उंदीर शिरतील!”

“उजेड शिरंल, मावशे. बाजूला हो.”

दोन दिवस सोजरबाई बोळात बसून शिव्या घालत होती. तिसऱ्या दिवशी चौकट बसली, वर उतरता पत्रा आला. चौथ्या दिवशी अंबुबाई राडारोडा उचलायला आत गेली तर सोजरबाई खिडकीखाली सूप घेऊन बसलेली. तिनं मान वर केली आणि बारीक आवाजात, देवळात बोलावं तशी बोलली.

“अंबे, तांदळात किती खडं असत्यात गं! आजवर खातच हुतो की आमी.”

अंबुबाईनं पाटी खाली ठेवली. उजेड सुपात पडला होता. दाणा दाणा वेगळा दिसत होता. कोपऱ्यातल्या उतरंडीवरची धूळ दिसत होती, भिंतीवर लेकीच्या लग्नात काढलेली आणि धुरानं विझलेली वेल दिसत होती. वाऱ्याची झुळूक अंगावरनं पलीकडं गेली, दाराबाहेर. घरातनं वारं आरपार जातं हे तिनं पालात, माळावर अनुभवलं होतं. भिंतीच्या घरात जाऊ शकतं हे तिला ठाऊक नव्हतं. मुकादमानं हाक मारली तरी तिचा पाय निघेना.

मग ती खोल्या मोजायला लागली. पाच झाल्या. नऊ झाल्या. सहाव्या खोलीतल्या बाळंतिणीच्या पोराचे डोळे सारखे चिकटलेले असायचे, ते धुराडं बसल्यावर पंधरवड्यात उघडले, काळेभोर, टपोरे. बाया बघायला गेल्या. गटार वाहतं झालं तसा बोळातला चिखल आटला आणि पोरांच्या पायांची गळवं सुकायला लागली. नळाला पाणी आलं त्या सकाळी सगळी लाईन बोळात जमली. चावी फिरवली, नळ आधी खाकरला, फुसफुसला, मग धार लागली. बाया नुसत्या बघत राहिल्या. एका म्हातारीनं पदर डोक्यावर घेतला आणि धारेला हात जोडले. सोजरबाईनं घागर आधी घातली, ही गोष्ट वेगळी.

अंबुबाई दिवसभर दुसऱ्यांच्या भिंतींचे दगड डोक्यावर वाहायची आणि दिवस मावळायला आपल्या काळोखात शिरायची. मायाक्का अंथरुणावर बसलेली असायची, हात गुडघ्यावर रोवून, खांदे उचलून. “आये, आज,” ती म्हणायची, श्वास घ्यायची, “कुनाची झाली?”

“सतराव्याची.”

“आपली कवा?”

अठरावी झाल्यावर अंबुबाईनं जोतीरामाला विचारलं. तो थापी धूत होता. त्यानं वर बघितलं नाही.

“यादीत चोवीस हायेत, वैनी.”

“आन आमची?”

“तुमची यादीत न्हाय. कोठी म्हनून हाय कागदाव. कोठीला खिडकी कशाला लागती?”

ती बिरप्पाला बोलली. तो पायांना खोबरेल लावत होता. उकळत्या डांबरानं त्याचे घोटे चट्टे चट्टे झाले होते.

“गप ऱ्हा,” तो म्हणाला. “मुकादमानं तोंडी दिल्याली जागा हाय ही. कागुद न्हाय. बोभाटा झाला तर म्हनतील, कोठीत मानसं कशी? आन काडतील भाईर. मग पोरीला घिऊन नाल्यात ऱ्हानार हाईस का?”

“हितं तर नाल्यातच हाय की आपुन.”

“अंबे.” त्यानं तेलाची वाटी ठेवली. “हाय त्येवडं तरी ऱ्हाऊ दे.”

तो वाईट माणूस नव्हता. एकदा सगळं गेलेला माणूस होता. म्हातारी कस्तुराबाई चुलीपुढनं म्हणाली, “त्यो सांगतो ते आयिक गं बाई,” आणि खोकायला लागली.

तरी एक दिवस कामाला खाडा घालून अंबुबाई लाईनींच्या कचेरीत गेली. अंगावर धुतलेलं लुगडं होतं, पण पाय चुन्यानं पांढरे पडलेले, ते धुऊन जात नव्हते. दारात घातलेली काथ्याची चटई ओलांडून ती दोन पावलं आत गेली. टेबलामागच्या कारकुनानं आधी तिच्या पायांकडं बघितलं, मग मागं उमटलेल्या पांढऱ्या पावलांकडं.

“तिथंच थांब. शिपाई, ते पुसून घे.”

ती उभी असतानाच शिपायानं ओल्या फडक्यानं तिची पावलं एकेक करून पुसली. ती पाय जवळ जवळ घेत गेली.

“बोल.”

“सायेब, दगडी लाईनीत शेवटची कोठी हाय, तिला खिडकी...”

“कोठीत कोण राहतं?” कारकुनाची लेखणी वर झाली. “कुणाच्या परवानगीनं? नाव काय?”

बिरप्पाचं नाव ओठांपर्यंत आलं आणि तिनं ते गिळलं. “कुनी न्हाय, सायेब. आपलं सहज इचारलं.” ती वळली आणि पुसलेल्या फरशीवरनं परत पांढरी पावलं उमटवत बाहेर आली. वाटेत कडुलिंबाखाली बसून ती हुंदका आवरेना म्हणून पदर चावत राहिली. रडू अपमानाचं नव्हतं. आपण पोरीसाठी गेलो आणि भिऊन आलो, ह्याचं होतं.

वैशाखात चोविसावी खोली झाली. दोन दिवसांत सामान उचलून टोळी दुसऱ्या लाईनीवर जायची होती. दुपारचं ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसावा. गुरुबसप्पा ओव्हरसियर बोळात उभे राहून कागदावर खुणा करत होते. धोतराचा सोगा खिशात, कपाळावर भस्माचे पट्टे घामानं ओघळलेले. अंबुबाई पाटी टाकून त्यांच्यापुढं गेली.

“सायेब, आमच्यात पानी घ्याला या की. गार हाय.”

गुरुबसप्पा तहानलेले होते. कोठीच्या दारातनं वाकून ते आत आले आणि बाहेरच्या उन्हातनं आल्यामुळं आंधळ्यासारखे उभे राहिले. तिनं त्यांचा हात धरला नाही, नुसतं एक रिकामं पिंप पायानं पुढं सारलं. ते त्यावर बसले. तिनं तांब्या दिला. आणि ते पाणी पीत असताना तिनं दार लोटून घेतलं.

“काय गं हे?” ते दचकले. “दार का लावलीस?”

“बसा सायेब, थोडं. पावसाळ्यात दार लावूनच ऱ्हावं लागतं. नाला आत येतो.”

काळोख झाला. कस्तुराबाईच्या चुलीत शेणी धुमसत होत्या. धूर आधी छपराला भिडला, मग हळूहळू खाली आला. पिंपांचा जुना डांबरी वास भिंतीतनं निघत होता, त्यात ओलीचा कुबट वास. गुरुबसप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग त्यांना तो आवाज ऐकू आला. करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा. आत, बाहेर. आत, बाहेर.

“हे काय वाजतंय?”

“ती आमची लेक हाय, सायेब.”

गुरुबसप्पांनी तांब्या खाली ठेवला. आवाज चालूच होता. मधेच अडला, तसा त्यांचाही श्वास अडला. पुन्हा सुरू झाला. ते खोकायला लागले. डोळ्यांतनं पाणी आलं.

“उघड,” ते म्हणाले. “उघड गं बाई, दार उघड.”

तिनं उघडलं. “तुमी उघड म्हनलासा, मी उघडलं,” ती म्हणाली. “ही कुनाला म्हनंल?”

उन्हाचा पट्टा आत आला आणि पोरीच्या पायांपाशी थांबला. गुडघ्यावर हात रोवलेली, ओठ निळसर पडलेली मायाक्का ह्या नव्या माणसाकडं टुकूटुकू बघत होती. गुरुबसप्पांनी मागल्या भिंतीला तळवा लावला, तो ओला झाला. ते तळव्याकडं बघत राहिले.

“अय्यो शिवा,” ते पुटपुटले. “आम्ही गटार ह्या भिंतीपर्यंत आणून सोडून दिलं की हो.”

दारात त्यांनी छत्री उघडली, पण चालेनात. “हे बघ बाई. मी लिहितो वर. पण ऐक नीट. लिहिलं म्हणजे कागद हलणार. तुम्हाला खोली देतील, का तुम्हाला काढून कोठीला कुलूप लावतील, हे माझ्या हातात नाही. लिहू का?”

बिरप्पा कामावर होता. विचारायला कुणी नव्हतं. म्हातारी चुलीपुढनं “नगं, नगं” म्हणत होती. अंबुबाईनं पोरीच्या गळ्याखालच्या खळगीकडं बघितलं.

“ल्ह्या, सायेब,” ती म्हणाली.

हे कळल्यावर बिरप्पा तिच्याशी तीन आठवडे बोलला नाही. वाढलेली भाकरी खायचा आणि दारात जाऊन बसायचा. टोळी दुसऱ्या लाईनीवर गेली. अंबुबाई तिथं पाट्या वाहायला चालत जायची. गुरुबसप्पा दिसले की ती नजरेनं विचारायची. ते मान हलवायचे. ज्येष्ठातले ढग पश्चिमेला जमायला लागले होते. मायाक्काची खळगी आता दिवसा सुद्धा आत ओढलेली दिसायची.

एका बुधवारी शिपाई आला. दारात उभं राहून त्यानं कागद वाचला. त्यातलं एकच वाक्य सगळ्यांना कळलं: उद्या सकाळी खोली रिकामी करणे.

बिरप्पानं कागद हातात घेतला, उलटा की सुलटा हे त्याला कळत नव्हतं. अंबुबाईला वाटलं, आता तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता आईकडं वळून म्हणाला, “बांद. सकाळी गाडी बगतो कुनाची तरी.”

सकाळी बोळात त्यांचा संसार आला. दोन घोंगडी, चार भांडी, पाटा-वरवंटा, देवाचा टाक बांधलेलं फडकं. कस्तुराबाई पाट्यावर बसली. मायाक्का घोंगडीच्या वळकटीला टेकली. लाईनीतल्या बाया दाराशी येऊन बघत होत्या आणि नजर भिडली की दुसरीकडं बघत होत्या. अंबुबाई भिंतीसारखी उभी होती. आपण हे केलं. आपल्या हातानं केलं.

बोळाच्या तोंडाशी जोतीराम दिसला. खांद्यावर पहार. मागं दोन बिगारी, एकाच्या डोक्यावर नवी लाकडी चौकट. त्यांच्या मागनं गुरुबसप्पा, हातात चुन्याचं डबडं.

जोतीराम कोठीत शिरला, भिंतीवर ठोकून बघितलं, बाहेर आला.

“वैनी,” त्यानं विचारलं, “खिडकी कुटं पायजे?”

अंबुबाईला ते ऐकू आलं पण आत पोचलं नाही. “काय?”

“खिडकी. कुटं काडू? तुमच्यात निजतं कोन कुटं, चूल कुटं, ते सांगा की. त्या मापानं काडतो.”

तिनं गुरुबसप्पांकडं बघितलं. ते दारावरच्या डांबराच्या ओघळावर कुंचल्यानं आकडा घालत होते. दोन. मग पाच. आकडा घालताना त्यांची जीभ दातांत धरलेली होती, शाळेतल्या पोरासारखी. “काम करायचं म्हणजे रिकामी करायला नको काय?” ते म्हणाले. “त्या शिपायानं निम्माच कागद वाचला वाटतं.”

बिरप्पा मटकन पाटा-वरवंट्याशेजारी बसला.

खिडकी कुठं पाहिजे. जन्मात कुणी तिला विचारलं नव्हतं की अमुक कुठं पाहिजे. लग्न कुठं पाहिजे, पाल कुठं पाहिजे, काम कुठं पाहिजे. तिनं आत जाऊन भिंत चाचपली. पोर निजायची त्या जागी गुडघे टेकले, डोकं जमिनीशी नेलं, तिथनं वर बघितलं. मग उठून भिंतीवर हात ठेवला.

“हितं. पडल्या पडल्या तिला आभाळ दिसंल असं.”

“उगवतीची बाजू हाय,” जोतीराम म्हणाला. “वारं चांगलं येईल.”

पहार बसली. दीड हाताची भिंत, दगडाला दगड चिकटलेला. सकाळभर छिन्नी-सुतकी वाजत राहिली. अंबुबाई आत उभी राहून निघेल तो दगड पाटीत घेत होती. ती आणि गडी घामानं निथळत होते. कुणीतरी बाहेरनं, नाल्याच्या अंगानं पहार मारली, आतनं एक दगड हलला, कुरकुरला आणि पडला.

मुठीएवढं भोक. आणि त्यातनं उजेडाचा एक दांडा आत आला, समोरच्या भिंतीला जाऊन टेकला. त्यात धूळ उडत होती, सोन्यासारखी, वर खाली, एकेक कण. छिन्नी थांबली. कस्तुराबाई दारातनं वाकून बघत होती; तिनं धुरानं सुजलेले डोळे बारीक केले.

“दिवा कुनी लावला गं?”

बिरप्पा आत आला. वाकून आला, मग ताठ झाला. त्या दांड्यात त्यानं आपला डांबरानं काळा झालेला हात धरला आणि उलटा-सुलटा करून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो बायकोशी बोलला.

“भिंतीला रंग हाय की गं,” तो म्हणाला. “निळसर हाय.”

नंतरचे बारा दिवस चौघं सोजरबाईच्या ओसरीवर राहिली. जमीन कमरेइतकी खणली, तर खालनं पाणी, गंजलेले खिळे, डांबराच्या वड्या निघाल्या. सगळं उपसून दगड भरले, त्यावर मुरूम चोपला, त्यावर शहाबादी फरशी. गटार कोठीला वळसा घालून पुढं नेलं. चुलीवर धुराडं बसलं. दार सुद्धा वीतभर उंच केलं. अंबुबाईनं एक पाटी सुद्धा दुसऱ्या बाईला उचलू दिली नाही.

सगळी आत राहायला गेली त्या दिवशी कस्तुराबाईनं फरशीवर अनवाणी पाय ठेवला, उचलला, परत ठेवला. “कोरडी हाय,” ती म्हणाली. मग चार पावलं गेली आणि म्हणाली, “हितंबी कोरडी हाय.” चूल पेटवली तेव्हा चौघंही स्वयंपाक सोडून बाहेर आली आणि माना वर करून बघत राहिली: त्यांच्या घराचा धूर त्यांच्या घरातनं निघून सोलापूरच्या आभाळात चालला होता. आणि अंबुबाईला, आत आल्यावर, मायाक्काच्या डाव्या भुवईत एक तीळ दिसला. आपल्या पोटची पोर, आणि या काळोखात तो कधी उगवला हे तिला कळलंच नव्हतं.

तरी ती निर्धास्त नव्हती. खरा न्याय पावसाळ्यात होणार होता. पाऊस लागला, नाला भरला. ती रोज उठून फरशीवर गाल टेकून बघायची, भिंतीला हात फिरवायची. थोडा दमटपणा होता, पाझर नव्हता. मायाक्काला आषाढात एकदा धाप लागली; औषध घेऊन तिसऱ्या दिवशी उतरली. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि नळी अंबुबाईच्या कानांत घातली. अंबुबाईला आतलं वारं ऐकू आलं. माळावरच्या वाऱ्यासारखं, लांबवरनं येऊन लांबवर जाणारं. तिनं बाईंकडं बघितलं. बाई हसत होत्या.

श्रावण निम्मा सरला होता. एके सकाळी अंबुबाईचे डोळे उघडले तर अंगावर ऊन पडलेलं. ती भांबावली. तीन वर्षांत ती उन्हात कधी जागी झाली नव्हती. पोरीचा खोकला कोंबड्याच्या आधी उठवायचा. आज कुणी उठवलंच नव्हतं. बिरप्पा कामावर गेलेला. कस्तुराबाई खिडकीपाशी मोहरी निवडत होती. आणि शेजारचं अंथरूण रिकामं.

ती ताडकन उठली. “आत्ती, पोर कुटं हाय?”

म्हातारीनं नुसती मान दाराकडं केली.

अंबुबाई तशीच, केस मोकळे, बोळात धावली. नळावर बायांची रांग होती आणि रांगेत भांडण पेटलं होतं. एका बाजूला सोजरबाई, कमरेवर हात, घागर पुढं घुसवलेली. दुसऱ्या बाजूला कुणीतरी ठेंगणं, बायांच्या आड दडलेलं. त्याचा फक्त आवाज येत होता, खणखणीत, चिरका, न थांबता धावणारा:

“माजा नंबर हुता, सोजरआजे, मी पयल्यापास्नं उबी हाय, तुमी आत्ता आलासा आन घागर मधी घातलीसा, काल बी तसंच केलासा, परवा बी केलासा, मोट्या हाईसा म्हनून काय झालं, आमची बी खोली हाय लाईनीत, पंचवीस नंबर, सरकारनं आकडा घातलाय, जाऊन बगा जावा!”

सोजरबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिनं घागर मागं घेतली.

मायाक्का पुढं झाली, कळशी नळाखाली ठेवली, आणि तेवढं सगळं बोलून झाल्यावर, आता कुठं, एक श्वास घेतला.

अंबुबाई बोळाच्या मधोमध उभी होती. पोरीला रागवायला हवं होतं. मोठ्या माणसाला उलटून बोलली होती. पाणी कळशीत पडत होतं, बाया हसत होत्या, आणि ती ऐकत राहिली, पोर अजून काही बोलतीय का.

“काय गं, आये?” मायाक्कानं विचारलं. “अशी का बगतियास?”

“काय न्हाय,” अंबुबाई म्हणाली. “भांड तू. भांड.”